पायरीवरचं रिकामं भांडं

१

भांडं रिकामं होतं, तिथेच सगळं खोटं उघडं पडत होतं.

ग्रॅनविक गावात रिकामं भांडं कोणी कोणाच्या दारात ठेवत नाही. दुसऱ्याचं परत करायचं असलं तरी त्यात काहीतरी घालूनच करायचं. केक जमला नाही तर परसातली सफरचंदं घाला, पण तळ दिसता कामा नये. मार्लिस हागेन सकाळी वृद्धाश्रमातली पाळी संपवून आली, तेव्हा तिच्या चाकांवरच्या ट्रेलर-घराच्या पायरीवर एक चकचकीत नवं भांडं होतं. त्यात एक कार्ड होतं, आणि मोकळ्या माळावरच्या वाऱ्यानं ते उडू नये म्हणून कार्डावर दगड ठेवला होता.

ती तशीच गाडी वळवून ऑर्विल त्वेतच्या घरी आली आणि भांडं त्याच्या टेबलावर आपटून उभी राहिली.

ऑर्विल पोलिसातला, काउंटीच्या शेरीफच्या हाताखाली डेप्युटी म्हणून निवृत्त झालेला माणूस. गेल्या महिन्यात त्याची बायको व्हर्ना गेली. टेबलावर आधीच भांड्यांची रास होती. मयताला लोकांनी जेवण आणलं होतं, उरलेलं सगळं चर्चमधून पोरांनी भांड्यांसकट इथे आणून ठेवलं होतं. अन्न संपलं आणि भांडी तशीच राहिली. निळ्या फुलांचं एक मार्लिसचं होतं.

"माझं पण इथेच आहे अजून," ती म्हणाली. "असू दे, घाई नाही. आधी हे वाच."

कार्डावर वसुली कंपनीचं नाव होतं, टेक्सासमधल्या ऑफिसचा नंबर होता आणि हातानं लिहिलेली एक ओळ होती. आम्ही तुम्हाला शोधलं आहे, गाडी कुठे उभी असते तेही शोधू.

मार्लिसचा नवरा सेल्मर मूत्रपिंडाच्या आजारानं गेला. शेवटी शेवटी हॉस्पिटलची बिलं भरण्यात गाडीचे हप्ते राहिले, मग घर गेलं. मार्लिसनं गावाबाहेर डेल सोरमच्या शेतामागचं ट्रेलर-घर घेतलं आणि पत्ता कोणाला दिला नाही. नोकरी दूरच्या वृद्धाश्रमात होती. गाडी गेली की नोकरी जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"पत्ता चौघांना माहीत होता," मार्लिस म्हणाली. "तू, डेल, आर्डिस आणि माझा दीर. टेक्सासच्या माणसाला मी काही स्वप्नात दिसले नाही, ऑर्विल. कोणीतरी सांगितलं. कोणी सांगितलं ते मला शोधून दे."

"आणि सापडलं की?"

"आपल्यातलंच कोणी असेल तर मी स्पोकेनला बहिणीकडे जाते. वसुलीवाल्यांचं भय नाही मला. पण ज्यांच्यासोबत जेवले त्यांच्याकडे चोरून बघत मला इथे राहायचं नाही."

ऑर्विलनं मान हलवली. सहावीपासूनची ही मैत्रीण. व्हर्नाशी त्याची गाठ हिनंच घालून दिली होती. ही गेली तर या गावात त्याला अरे-तुरे करणारं कोण उरणार होतं?

वसुलीवाल्यांचा फोन त्यालाही आला होता, व्हर्नाच्या मयतानंतरच्याच आठवड्यात. टेरेसा नावाची गोड आवाजाची बाई होती. तुम्ही पत्ता दिलात तर मैत्रिणीला मदतच होईल, आम्ही तिला सोयीचे हप्ते बांधून देऊ, असं म्हणत होती. ऑर्विलनं तिला असं झाडलं, असं झाडलं, की तो किस्सा कॉफीच्या दुकानात त्याला दोनदा सांगावा लागला. पत्त्याचं अक्षरही त्यानं काढलं नव्हतं. म्हणजे स्वतःला वगळून उरले तिघं.

त्यानं नवं भांडं उलटं केलं. ग्रॅनविकमधल्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला कागदी चिकटपट्टी असते आणि तिच्यावर मालकिणीचं नाव. याच्या बुडाला दुकानाच्या लेबलाचा डिंक तेवढा होता.

२

बीट काढणीचे दिवस होते. डेल सोरम ट्रॅक्टरवरून उतरायला तयार नव्हता, म्हणून ऑर्विलच वर चढून त्याच्या शेजारी बसला.

डेल साधा माणूस, पण त्याचं मत पक्कं होतं. कर्ज ते कर्ज, असं तो म्हणाला. बियाणाचं बिल तो स्वतः कधी थकवत नाही. मार्लिसनं त्या लोकांसमोर उभं राहून एकदाचं काय ते मिटवावं, लपून काय होणार आहे, हे त्यानं तिच्या तोंडावरही सांगितलं होतं.

"म्हणून तूच त्यांना बोलावलंस?"

डेलनं ट्रॅक्टर थांबवला. "तिनं समोर जावं असं मला वाटतं. तिला कोणी कान धरून न्यावं असं वाटत नाही. यातला फरक तुला कळत नसेल तर खाली उतर."

ऑर्विल उतरला नाही. डेलनं पुन्हा गिअर टाकला आणि जरा वेळानं स्वतःच बोलू लागला. काल संध्याकाळी मार्लिस कामाला गेल्यावर एक पांढरी गाडी आली होती. स्वच्छ शर्टातला एक पोरगा उतरला. ट्रेलरचा रस्ता शेतातून जातो, अनोळखी माणूस दिसला की डेल हटकतोच.

"मग त्याला का नाही हटकलंस?"

"त्याच्या हातात भांडं होतं," डेल म्हणाला. "भांडं घेऊन चाललेल्या माणसाला कोण हटकतं? मी तर हात हलवला त्याला."

"धरलं कसं होतं?"

डेलनं विचार केला. मग त्याचा चेहरा पडला. "काखेत. पेपर धरतात तसं." तो स्वतःलाच शिवी हासडून म्हणाला, "रिकामं होतं की रे."

ऑर्विलला आता एक वेगळाच प्रश्न पडला होता. टेक्सासच्या ऑफिसात बसलेल्या माणसांना आपल्या भांड्यांची काय माहिती? हातात भांडं असलं की ग्रॅनविकमध्ये वाट अडत नाही, हे त्यांना कोणीतरी शिकवलं होतं. पत्ता कोणी दिला हे नंतर बघू. आधी हे शिकवलं कोणी?

३

मार्लिसचा दीर कर्मिट पेट्रोल पंप चालवायचा. भावाच्या आजारपणात त्यानं स्वतःचे पैसे घातले होते आणि ते परत आले नव्हते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. सेल्मरच्या मयतानंतर तो मार्लिसशी चारचौघांत बोलला नव्हता. पंपाच्या मागे बर्फ हटवायचं नवं कोरं पातं उभं होतं, ते ऑर्विलनं येताना बघून ठेवलं.

"पातं झकास आहे," तो म्हणाला. "धंदा बरा चाललाय वाटतं."

कर्मिट फडक्याला हात पुसत राहिला. "थेट विचार, डेप्युटी. भावजयीला किती पैशांत विकलं म्हणून."

"विकलंस?"

"चालता हो."

ऑर्विल चालता झाला नाही. मार्लिस रोज किती लांब जाते ते त्याला माहीत होतं. सकाळी ती निघाली तेव्हा गाडीच्या खिडकीतून त्याला पेट्रोलचा काटा दिसला होता, टाकी भरलेली होती. आणि या रस्त्यावर दुसरा पंप नव्हता.

"ती पेट्रोल कुठे भरते, कर्मिट?"

कर्मिट लालबुंद झाला. मार्लिस कामावर असते तेव्हा आपणच वृद्धाश्रमाच्या आवारात जाऊन कॅनमधून टाकी भरून येतो, हे त्यानं शेवटी कबूल केलं. तिला वाटतं की तिथल्या मालकांनी सोय केलीय.

"तिला सांगितलंस तर तुझं थोबाड फोडीन," तो म्हणाला. "आणि पातं हप्त्यावर घेतलंय. उद्या मलाही शोधत येतील, तेव्हा तू काय सांगशील?"

"तुला कधी बघितलंच नाही म्हणेन."

कर्मिट पहिल्यांदा हसला. पण जाता जाता त्यानं एक खडा टाकलाच. "मला कसले प्रश्न विचारतोस? गावाच्या सगळ्या किल्ल्या जिच्या कमरेला आहेत तिला विचार. आर्डिसला."

ऑर्विलला तेच नको होतं. आर्डिसनं व्हर्नाला शेवटची आंघोळ घातली होती.

४

आर्डिस बाकन चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर सांभाळायची. कोण आजारी आहे, कोणाकडे बाळ झालं, कोणाकडे जेवण पोचवायचं, सगळं तिच्याकडे. ऑर्विल आला तेव्हा ती कपाटं उपसून जमिनीवर बसली होती.

वसुलीवाल्यांचे फोन तिलाही आले होते आणि प्रत्येक वेळी तिनं फोन आपटला होता. "त्या टेरेसाला मी म्हटलं, बाई, इथे देवाचं घर आहे, तुझं इथे काही काम नाही. नंतर नाही आला तिचा फोन."

"मग मार्लिसबद्दल आणखी कोणीच विचारलं नाही?"

"कोणी नाही."

"तू जमिनीवर बसून काय शोधतेयस?"

"आता काही नाही, सवय गेली नाही हाताची." आर्डिस ओशाळली. व्हर्नाच्या मयताच्या दिवशी मार्लिसचं भांडं तिच्या हातून हरवलं होतं. इतक्या वर्षांत एक चमचा इकडचा तिकडे झाला नव्हता. मार्लिसच्या आईच्या वेळचं ते भांडं. आर्डिसला रात्ररात्र झोप लागली नव्हती. पण गेल्या आठवड्यात देवानंच ऐकलं, असं ती म्हणाली. व्हर्नाच्या फार्गो शहरातल्या चुलत बहिणीचा फोन आला. बिचारीनं चुकून ते आपल्या सामानात नेलं होतं. परत द्यायला यायचं म्हणत होती, मार्लिस कुठे राहते ते विचारत होती.

ऑर्विल खुर्चीत बसला. "आणि तू सांगितलंस."

"अरे, भांडं परत करायला येतेय ती! सांगणार नाही तर काय?"

ते तिच्याच कानावर पडलं. मग तिनं जमिनीवरूनच त्याच्याकडे बघितलं.

"चुलत बहीणच होती ती, ऑर्विल. तिला भांडं माहीत होतं. निळ्या फुलांचं, आईच्या वेळचं, सगळं बरोबर सांगितलं तिनं. न बघता कोणी कसं सांगेल?"

"आर्डिस," ऑर्विल म्हणाला, "ते भांडं माझ्या टेबलावर आहे. ते कधी फार्गोला गेलंच नाही."

५

म्हणजे मयतानंतरही ते भांडं ज्यानं बघितलं त्यानंच हे शिकवलं. गाडीत बसून ऑर्विलनं एकेकाला आठवलं. त्याच्या घरी आलेली माणसं थोडी. कर्मिट घर तापवायची भट्टी दुरुस्त करायला आला होता, पण तो सरळ खाली तळघरात गेला. डेल अंडी दारातच देऊन गेला. पाद्रीबुवा बाहेरच्या खोलीत बसले होते. टेबलाजवळ बसून त्या भांड्याकडे बघणारा माणूस घरात एकच होता.

तो घरी आला. टेबलाजवळ भिंतीला फोन होता. ऑर्विल फोनजवळ उभा राहिला, त्या दिवशी उभा होता तसाच, आणि समोर नजर गेली तिथे निळ्या फुलांचं भांडं होतं.

त्या टेरेसाला झाडताना तो काय काय बोलला होता ते त्याला शब्दन् शब्द आठवलं. कॉफीच्या दुकानात दोनदा सांगितलेलं कसं विसरेल? 'जिला तुम्ही पळपुटी म्हणता तिनं माझ्या बायकोच्या, व्हर्नाच्या मयताला जेवण आणलं. आईच्या निळ्या फुलांच्या भांड्यातून आणलं. इथे दुसऱ्याचं भांडं घरी राहिलं तर माणसाला झोप येत नाही, आणि तुम्ही आम्हाला प्रामाणिकपणा शिकवता? आमच्या चर्चच्या तळघरात येऊन बघा, माणसं कशी असतात ती.'

बाईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं. शेवटी थँक्यू म्हणाली होती. तेव्हा ऑर्विलला वाटलं होतं, चांगली जिरवली.

पत्त्याचं अक्षर नाही काढलं, पण किल्लीचा नमुना आपणच हातात दिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

मार्लिसला तिच्या ट्रेलरवर जाऊन त्यानं सरळ सांगितलं. आधी आर्डिसचं, मग स्वतःचं. ती पायरीवर बसून ऐकत होती. आत दोन बॅगा भरून ठेवलेल्या दिसत होत्या.

"म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून," ती म्हणाली.

"दोघांनी मिळून. आर्डिसनं चांगुलपणानं, मी तोंडाळपणानं."

मार्लिस बीटच्या शेताकडे बघत राहिली. "तुझा नवरा बोलायला लागला की त्याला थांबवत जा, हे मी व्हर्नाला लग्नाच्या दिवशीच सांगितलं होतं." मग म्हणाली, "माझं भांडं इतके दिवस परत का नाही केलंस?"

"रिकामं कसं देऊ? आणि भरायला मला काही येत नाही. सगळं व्हर्नाच करायची."

मार्लिस उठली. "भरून आण. रविवारी चर्चमध्ये. मग मी ठरवते, बॅगा उचलायच्या की सोडायच्या."

६

शुक्रवारी चर्चच्या तळघरातला फोन वाजला. फार्गोची चुलत बहीण होती. मुलाला भांडं घेऊन पाठवलं होतं पण मार्लिस भेटली नाही, ती कामाला कुठे जाते, असं विचारत होती. ऑर्विल शेजारीच उभा होता. त्यानं हातानं खूण केली: शांत.

"रविवारी प्रार्थनेनंतर ती इथेच जेवते," आर्डिस म्हणाली. "गाडी घेऊनच येईल. इथेच आणून दे की."

रविवारी मार्लिसची गाडी चर्चच्या अंगणात मधोमध उभी होती. तिच्या चारी बाजूंनी गावानं आपापल्या गाड्या लावल्या होत्या आणि अंगणाच्या तोंडाशी डेलचा बीटचा ट्रक आडवा होता. गाड्या ओढून नेणारा एक ट्रक रस्त्यावर येऊन उभा राहिला आणि तसाच उभा राहिला.

तळघरात सगळे जेवायला बसले होते. स्वच्छ शर्टातला पोरगा जिना उतरून आला. काखेत नवं भांडं होतं. आर्डिस पुढे झाली, भांडं त्याच्या हातातून काढून घेतलं आणि सगळ्यांदेखत उलटं केलं.

"नाव नाही यावर," ती म्हणाली. "कुणाचं रे हे, बाळ?"

कोणी हललं नाही. पोरगा दाराकडे बघू लागला, तिथे कर्मिट उभा होता.

"तुला कोणी हात लावणार नाही," ऑर्विल म्हणाला. "मी या काउंटीत बरीच वर्षं अशा गाड्या उचलताना जवळ उभा राहिलोय, म्हणून कायदा सांगतो. मालकानं तोंडावर नाही म्हटलं की तुला परत फिरावं लागतं. मार्लिस, गाडी कोणाची?"

मार्लिस उभी राहिली. "माझी. आणि मी नाही म्हणते."

"ऐकलंस. दुसरी गोष्ट. तुझ्या कंपनीच्या बाईनं माझ्या मेलेल्या बायकोची बहीण होऊन पत्ता काढला. खोटं नाव सांगून पत्ता काढायचा नाही, असाही कायदा आहे. आर्डिस साक्ष देईल. बायबल इथे हवी तेवढी आहेत."

"मला फक्त गाडी उचलायला सांगतात, काका," पोरगा हळूच म्हणाला. "फोनचं मला माहीत नाही."

"मग हे पण सांग त्यांना," मार्लिस म्हणाली. "हॉस्पिटलचं जे देणं आहे ते मी नाकारलेलं नाही. गाडीचं पण नाही. मला जमेल तसं मी देईन, माझ्या पगारातून, आणि कागदावर लिहून. पण माझ्या माणसांना फोन करून नाही. माझ्याबद्दल विचारायचं असेल तर मला विचारा. मी इथे आहे. आता लपलेली नाही."

पोरगा वळला. आर्डिसनं त्याला थांबवलं. त्याचं भांडं घेऊन ती टेबलाकडे गेली, खिमा आणि वर बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्या असं काठोकाठ भरलं आणि त्याच्या हातात दिलं.

"इथून भांडं रिकामं जात नाही," ती म्हणाली. "दोन्ही हातांनी धर. काखेत नाही."

तो दोन्ही हातांनी धरून जिना चढून गेला. थोड्या वेळानं रस्त्यावरचा ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला.

मग ऑर्विलनं आपण करून आणलेल्या जेवणावरचा टॉवेल काढला. निळ्या फुलांचं भांडं. वरचा थर काळा पडला होता आणि मधे खड्डा होता. मार्लिसनं चमच्यानं कड उकरून खाल्ली. बराच वेळ चावलं.

"व्हर्नानं डुकरांनाही घातलं नसतं हे," ती म्हणाली आणि दुसरा चमचा घेतला. सगळं तळघर तिच्याकडे बघत होतं, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती कर्मिटकडे वळली. "गाडीतल्या बॅगा जड आहेत, उतरवायला जरा येशील का? आणि वृद्धाश्रमाच्या आवारात कॅन घेऊन लपत येऊ नकोस. तिथल्या म्हाताऱ्या खिडकीतूनच बघत असतात सगळं."

कर्मिटनं ऑर्विलकडे जळजळीत बघितलं. ऑर्विलनं दोन्ही हात वर केले. या वेळी खरंच तो बोलला नव्हता.

७

मंगळवारी सकाळी ऑर्विलच्या भिंतीवरचा फोन वाजला. तो बटाटे सोलत होता. टेबलावरची रास आता कमी झाली होती. आर्डिसचं भांडं पुढचं होतं, आणि मार्लिस संध्याकाळी येऊन ओव्हन किती तापवायचा ते दाखवणार होती.

टेरेसाचा आवाज तसाच गोड होता. झाल्या गैरसमजाबद्दल तिला वाईट वाटत होतं. ऑर्विलसाहेबांसारखा समजूतदार माणूस मदत करील अशी तिला खात्री होती. श्रीमती हागेन सध्या कुठल्या पाळीला काम करतात, एवढंच तिला हवं होतं.

ऑर्विलच्या जिभेवर बरंच काही आलं. खूप चांगलं होतं, कॉफीच्या दुकानात चारदा सांगण्यासारखं. त्यानं तोंड उघडलं.

मग मिटलं. रिसीव्हर अलगद टेबलावर ठेवला, मिठाच्या डबीशेजारी, आणि पुढचा बटाटा उचलला. बाई बराच वेळ हॅलो, हॅलो करत होती.